जपानी तलवारींचं प्रदर्शन बघायला जाताय? मग तलवार बघायची कशी ते आधी वाचा

जपानच्या म्युझियममध्ये तलवारींच्या हॉलमध्ये थोडा वेळ बाजूला उभं राहून लोकांकडे बघा. बहुतेक जण आत येतात, पहिल्या काचेसमोर दोन मिनिटं थांबतात, दुसऱ्यासमोर एक मिनिट, मग चालता चालताच बाकीच्या बघून बाहेर, आणि बाहेर पडताना म्हणतात की छान होत्या पण सगळ्या सारख्याच. आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण सरळ उभं राहून समोरून बघितलं तर त्या खरंच सारख्या दिसतात, चकचकीत पोलादाची एक वाकडी पट्टी आणि कडेला पांढरट रेघ. तलवारीवर जे बघण्यासारखं असतं ते उजेड एका ठराविक कोनातून परत आला तरच दिसतं, आणि तो कोन तुम्हाला स्वतःला हलून शोधावा लागतो, तलवार तर काचेत आहे, ती हलणार नाही. एवढी एक गोष्ट जमली तर दहा तलवारींत अख्खी दुपार जाते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, कमी तलवारी बघा पण प्रत्येकीला वेळ द्या.

आधी जायच्या अगोदरचं. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे अमुक तलवार अमुक म्युझियमची आहे म्हणजे ती तिथे कायम मांडलेली असणार. तसं नसतं. जपानी म्युझियममध्ये मांडणी सतत बदलत असते, बरीचशी मोठी नावं वर्षातले काही आठवडेच बाहेर येतात. टोकियो नॅशनल म्युझियमकडे मिकाझुकी मुनेचिका आणि दोजिगिरी यासुत्सुना या दोन तलवारी आहेत, जपानात ज्या पाच तलवारींना सगळ्यात श्रेष्ठ मानतात त्यातल्या या दोन, पण तुम्ही जाल त्या आठवड्यात त्या गोडाऊनमध्ये असू शकतात किंवा दुसऱ्या शहरातल्या खास प्रदर्शनाला गेलेल्या असू शकतात. तेव्हा फ्लाइट बुक करायच्या आधी नाही जमलं तरी हॉटेलवर पोचल्यावर तरी म्युझियमच्या वेबसाइटवर सध्या काय मांडलंय ती यादी बघाच, टोकियो नॅशनलची यादी इंग्लिशमध्येही असते. लहान म्युझियमची इंग्लिश पानं बऱ्याचदा जुनी असतात, तिथे जपानी पान उघडून फोनच्या ट्रान्सलेटरने वाचलेलं बरं. सोमवारी बहुतेक म्युझियम बंद, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर सोमवारी चालू आणि मंगळवारी बंद. नवीन वर्षाच्या आसपास बंद. शिवाय एक प्रदर्शन संपून दुसरं लागेपर्यंत मधले काही दिवस पूर्ण बंद ठेवतात, तलवारींच्या म्युझियममध्ये हे फार होतं आणि लोक दारापर्यंत जाऊन परत येतात. शेवटची एंट्री सहसा बंद व्हायच्या अर्धा तास आधी, पण अर्ध्या तासात काही होत नाही, निदान दोन तास हातात ठेवा.

पहिल्यांदाच बघणार असाल तर मी टोकियो नॅशनल म्युझियमच सुचवेन, उएनो पार्कमध्ये आहे. होनकान म्हणजे मुख्य इमारत, तिथे तळमजल्यावर १३ नंबरच्या खोलीत तलवारी असतात, आणि वरच्या मजल्यावर सामुराईंच्या चिलखतांच्या विभागात म्यान-मुठीसकट सजवलेल्या तलवारी बघायला मिळतात. कायमच्या संग्रहाचं तिकीट गेली काही वर्षं मोठ्यांना १००० येन आहे, खास प्रदर्शनाचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग असतं पण त्याच तिकिटावर त्या दिवशी कायमचा संग्रहही बघता येतो. इथे पहिल्यांदा जायचं कारण म्हणजे एकाच खोलीत हजार वर्षांचा पल्ला असतो, थोड्याच तलवारी असतात आणि प्रत्येकीला इंग्लिश लेबल असतं.

दुसरं ठिकाण टोकियोतल्याच र्योगोकुचं जपानी तलवार म्युझियम. हे जपानी तलवारींचं जतन करणारी जी संस्था आहे, १९४८ साली स्थापन झालेली, तिचं म्युझियम. आधी योयोगीला होतं, २०१८ च्या जानेवारीत र्योगोकुला जुन्या यासुदा बागेत नव्या इमारतीत आलं, वास्तुकार फुमिहिको माकी. सुमो कुस्त्यांचं स्टेडियम अगदी जवळ आहे आणि स्टेशनपासून चालत जाता येतं. प्रदर्शनाचा हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे, लहान आहे, पण दिवे तलवारीसाठीच लावलेले आहेत आणि गर्दी उएनोपेक्षा खूप कमी. इथे आजच्या हयात लोहारांच्या नव्या तलवारींचं वार्षिक स्पर्धा-प्रदर्शनही भरतं, ते जुळून आलं तर चुकवू नका, कारण नवीन पात्यावर शेकडो वर्षांची झीज नसते, शिकणाऱ्याला सगळ्या खुणा ठळक दिसतात. ही संस्था १९४८ मध्येच का निघाली तेही माहीत असलेलं चांगलं. १८७६ च्या कायद्याने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली आणि लोहारांचं कामच गेलं, मग १९४५ नंतर अमेरिकन ताब्यात असताना हत्यारं म्हणून तलवारी मोठ्या प्रमाणात जप्त झाल्या, कितीतरी कायमच्या गेल्या. तलवार ही कला आहे, हत्यार म्हणून नष्ट करू नका, हे पटवून देणाऱ्या लोकांमुळे उरलेल्या वाचल्या. आज काचेत जे दिसतं ते त्यांच्यामुळे दिसतं, मला तिथे गेलं की याची आठवण येतेच.

सोबत काय न्यायचं

मोनोक्युलर म्हणजे एका डोळ्याने बघायची छोटी दुर्बीण मिळाली तर न्या, ४ पट किंवा ६ पट पुरे, फक्त घेताना जवळचं फोकस होतं का ते बघा कारण पक्षी बघायच्या दुर्बिणी दोन-तीन मीटरच्या आतलं दाखवत नाहीत आणि तलवार तर काचेपलीकडे हातभर अंतरावर असते. जपानी लोक म्युझियममध्ये सर्रास वापरतात, कोणी वळून बघत नाही. टिपणं काढायची तर पेन्सिल, पेन चालत नाही, काही ठिकाणी काउंटरवर मागितली की पेन्सिल देतात. मोठी बॅग लॉकरमध्ये, बऱ्याच लॉकरना १०० येनचं नाणं लागतं आणि ते परत मिळतं म्हणून एक नाणं खिशात असू द्या. आणि कपडे गडद रंगाचे घाला! हे कोणी सांगत नाही. पांढरा शर्ट घातला की काचेत तुमचंच पोट दिसतं आणि तलवार मागे राहते, काळा किंवा गडद निळा घातला की काच जणू नाहीशी होते. बूट आरामाचे हवेत कारण सारखं खाली-वर वाकायचंय.

आता बघायचं कसं

पहिल्यांदा दोन-तीन पावलं मागे उभं राहून नुसता आकार बघा. धार वर आहे की खाली ते बघा. ताची प्रकारची तलवार सहसा धार खाली ठेवून मांडतात, कारण ती घोडेस्वार कमरेला धार खाली करून लटकवायचे, आणि कताना धार वर, कारण ती पट्ट्यात तशी खोचायचे. मग वाक बघा. जुन्या ताचीचा वाक मुठीजवळ जास्त असतो, तिथून पुढे ती टोकाकडे निमुळती आणि जवळपास सरळ होत जाते, हेआन काळाच्या शेवटापासून कामाकुरा काळापर्यंतच्या, म्हणजे साधारण १२ व्या-१३ व्या शतकातल्या तलवारीत हे दिसतं आणि माझ्या मते यापेक्षा सुंदर रेषा दुसरी नाही. १४ व्या शतकात तलवारी एकदम रुंद, लांब, मोठ्या टोकाच्या होतात. १७ व्या शतकातल्या तलवारी बघितल्या तर वाक कमी झालेला, काही तर जवळपास सरळ वाटाव्या अशा. हे सगळं लेबल न वाचता लांबूनच कळायला लागतं, म्हणून लेबल शेवटी वाचायची सवय लावा, आधी स्वतः अंदाज करा मग वाचा. एकदा चुकलात की तो फरक कायमचा लक्षात राहतो.

आता मुख्य काम. काचेजवळ या, पण कपाळ टेकवू नका. वरचा दिवा कुठे आहे ते शोधा आणि त्या दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर कुठे पडलंय ते बघा, एक पांढरा झगझगीत डाग दिसेल. आता गुडघ्यात वाकून हळूहळू खाली जा, डोळे पात्याच्या पातळीला किंवा त्याच्याही थोडं खाली येईपर्यंत, आणि तो डाग धारेच्या जवळ सरकेल असं बघा. डागाच्या अगदी कडेला, जिथे झगझगाट संपतो तिथे, पोलादात एक वेगळीच रेषा उजळते. तीच हामोन. पाण्याच्या लाटेसारखी, किंवा सरळ, किंवा लवंगांच्या घोसासारखी फुगीर. मग कडेकडेने चालत डाग मुठीपासून टोकापर्यंत नेत जा, अख्खी रेषा वाचून होते. मांडणीत तलवार थोडी तिरकी ठेवलेली असते, तेव्हा प्रत्येक काचेसमोर हा कोन नव्याने शोधावा लागतो, एकीला वाकावं लागेल, दुसरीला टाचा उंचवाव्या लागतील. बाजूच्या जपानी आजोबांना बघा, ते असेच उठाबशा काढताना दिसतील, त्यांच्या मागे थांबून ते कुठून बघतायत ते बघणं ही सगळ्यात सोपी शिकवणी.

इथे एक सावध करते. समोरून बघताना धारेच्या कडेला जो रुंद पांढरा पट्टा दिसतो तो म्हणजे खरी हामोन नव्हे. पॉलिश करणारा कारागीर शेवटी बारीक दगडाच्या चकतीने तो भाग पांढरा करतो, हामोन उठून दिसावी म्हणून, त्याला हादोरी म्हणतात. चांगला कारागीर हामोनच्या वळणाला धरूनच करतो, तरी ते त्याचं काम, लोहाराचं नव्हे. लोहाराने जे केलं ते फक्त उजेडाच्या कडेला दिसतं आणि फोटोत तर बहुतेक वेळा हादोरीच येते. म्हणूनच पुस्तकात किंवा स्क्रीनवर कितीही तलवारी बघितल्या तरी समोर उभं राहून वाकून बघण्याला पर्याय नाही.

ही रेषा येते कुठून तेही थोडं सांगते कारण ते कळलं की नजर बदलते. पातं तयार झालं की त्यावर मातीचा लेप देतात, पाठीवर जाड, धारेवर पातळ, मग भट्टीत लाल तापवून एकदम पाण्यात. धारेची बाजू झटकन थंड होऊन अतिशय कडक होते, पाठ हळू थंड होते म्हणून चिवट राहते, आणि या दोन प्रकारच्या पोलादाची जिथे भेट होते ती हामोन. पाण्यात जाताना पातं वाकतं देखील, वाकाचा काही भाग त्या क्षणाचाच. म्हणजे हामोन ही धारेला पाणी दिल्याची खूण आहे, वरून काढलेली नक्षी नव्हे, आणि लोहाराला ती बदलायची संधी नसते, पाणी बिघडलं, पात्याला तडा गेला की महिन्यांची मेहनत गेली. दुर्बिणीतून बघाल तर या रेषेत बारीक चमकणारे कण दिसतात, ते मोठे सुटे दिसले तर निए, आणि धुक्यासारखी मऊ पट्टी दिसली तर निओई. कामाकुरा शहरातल्या सोशू परंपरेत, म्हणजे मासामुने या नावाजलेल्या लोहाराच्या वगैरे तलवारींत, निए भरपूर, तर ओकायामाकडच्या बिझेन परंपरेत निओई आणि लवंगांसारखे फुगवटे. क्योतोची यामाशिरो, नाराची यामातो आणि गिफूची मिनो धरून अशा पाच मुख्य परंपरा सांगतात. पहिल्या भेटीत पाचही ओळखायचा आग्रह धरू नका, बिझेन आणि सोशू एवढा फरक डोळ्यात बसला तरी खूप.

मग हामोनच्या वरचा भाग, पात्याची मधली कातडी म्हणा. पोलाद परत परत दुमडून ठोकलेलं असतं, दहा-पंधरा वेळा, त्याचे हजारो थर होतात, आणि त्या थरांची नक्षी पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी दिसते. इतामे म्हणजे फळीवर दिसतात तशा वळणाच्या रेषा, मासामे म्हणजे पात्याच्या लांबीला धरून जाणाऱ्या सरळ रेषा, मासामे यामातोच्या तलवारींत बघा. हे बघायला दिव्याच्या डागात बघू नका, डागापासून थोडं बाजूला, अर्धवट उजेडात बघा. जुन्या बिझेन तलवारीत हामोनच्या वर आणखी एक पांढरट सावली तरंगताना दिसते, उत्सुरी, ती दिसायला वेळ लागतो आणि एकदा दिसली की दर वेळी तीच शोधायला लागतो आपण. शेवटी टोक. टोकाच्या आतही हामोन वळून जाते, तिथे लोहाराचा हात अगदी वेगळा कळतो, पण दिवे बहुतेकदा टोकावर नीट पडत नाहीत, मिळालं तर बघा.

मुठीच्या आत जाणारा भाग, नाकागो, तो काळा-तपकिरी गंजलेला असतो आणि बरेच जण विचारतात की एवढी जपतात मग हा का साफ करत नाहीत. तो मुद्दाम तसाच ठेवतात. गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून वय कळतं, साफ केला की पुरावा गेला. तिथेच लोहाराचं नाव कोरलेलं असतं, कधी गाव आणि वर्षही. एकापेक्षा जास्त भोकं दिसली तर समजा की मूठ बदलली गेली आहे, बऱ्याचदा तलवार खालून कापून आखूड केलेली असते, लांब ताची पुढच्या काळात कताना म्हणून वापरायला. अशा कापण्यात मूळ सही गेली की नंतरच्या पारख्यांनी ठरवलेलं नाव सोन्याने जडवायचे. फुकुओका सिटी म्युझियममधली हेशिकिरी हासेबे याचं उत्तम उदाहरण, १६ व्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याची तलवार, नंतर कुरोदा घराण्याकडे आली, नाकागोवर सोन्याची अक्षरं आहेत. चहाची सेवा करणारा एक माणूस फळीखाली लपला आणि नोबुनागाने फळीसकट दाबून त्याला कापलं अशी तिची कथा आहे. ही सहसा दरवर्षी जानेवारीत मांडतात, पण तारखा बघून जा.

आणि आपल्या लोकांनी एक गोष्ट आवर्जून शोधायची, पात्यावरची कोरीव अक्षरं. खोबणी, ड्रॅगन यांच्या जोडीला अनेक पात्यांवर सिद्धम लिपीतली बीजाक्षरं कोरलेली असतात. ही लिपी भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली, ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे आपल्या देवनागरीची नात्यातलीच. तलवारीवर सगळ्यात जास्त दिसतो तो फुदो म्योओ, म्हणजे संस्कृतमधला अचल, बौद्धांची एक रक्षक देवता, त्याचं बीजाक्षर, आणि तलवारीभोवती वेटोळं घातलेला जो ड्रॅगन कोरतात तोही त्याचाच. सामुराईने लढाईला नेलेल्या पोलादावर संस्कृत बीजमंत्र, हे पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. जपानी माणसालाही ती अक्षरं सहसा वाचता येत नाहीत, तुम्हाला मात्र थोडा वेळ बघितलं की हा आणि अनुस्वार असं काहीतरी ओळखीचं जाणवेल.

लेबलवर काय असतं ते थोडक्यात. पात्याची लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, नाकागो धरत नाहीत, म्हणून लेबलवर ७० सेंटीमीटर असलं तरी समोरची वस्तू त्यापेक्षा बरीच लांब दिसेल. ६० सेंटीमीटरच्या वर ताची किंवा कताना, ३० ते ६० वाकिझाशी, त्याखाली तांतो. मिकाझुकी मुनेचिका ८० सेंटीमीटर आहे, तिच्या हामोनजवळ चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत, त्यावरून नाव, त्या खुणा पात्याच्या खालच्या अर्ध्या भागात जास्त दिसतात तेव्हा ती कधी समोर आली तर टोकाकडे न धावता आधी मुठीच्या बाजूला उभे राहा. लेबलवर सहीच्या जागी फक्त नाव दिलं असेल तर ती सही पात्यावर आहे, आणि अमक्याचं मानलं जातं असं लिहिलं असेल तर सही नाही, जाणकारांनी कामावरून ठरवलंय. सही नसणं म्हणजे कमी दर्जा असं मात्र अजिबात नाही, मासामुनेच्या सह्या फारच थोड्या आहेत. राष्ट्रीय खजिना म्हणून सरकारने जाहीर केलेल्या तलवारी शंभराहून जास्त आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या बिझेनच्या. बिझेनमध्ये लेबलवर फुकुओका इचिमोंजी हे लोहारांच्या एका परंपरेचं नाव दिसलं तर ते क्युशू बेटावरचं फुकुओका शहर समजू नका, ते बिझेनमधलंच एक गाव.

मूठ, म्यान आणि त्सुबा, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली चकती, यांचा स्वतंत्र विषय आहे, मी इथे त्यात शिरत नाही. फक्त एवढंच की पातं साध्या लाकडी म्यानात जपतात आणि सजवलेली म्यान-मूठ वेगळी मांडतात, त्यामुळे शेजारी ठेवलेली सुंदर म्यान रिकामी किंवा आत लाकडी पातं असलेली असते.

गर्दी आणि फोटो

२०१५ साली तलवारींना माणसांची रूपं दिलेला एक ऑनलाइन गेम जपानात आला आणि त्यानंतर तलवारींच्या प्रदर्शनांना तरुण मुलींची प्रचंड गर्दी व्हायला लागली, ती अजून आहे. काही जुने रसिक नाक मुरडतात, मला ते पटत नाही, या मुली तासभर एका तलवारीसमोर रांगेत उभ्या राहतात, वही काढून हामोन रेखाटतात, आणि त्यांच्या तिकिटांवर, देणग्यांवर कितीतरी तलवारींची काळजी घेतली जातेय. पण याचा अर्थ असा की प्रसिद्ध तलवार मांडली असेल तर वेळेचं तिकीट आधी काढावं लागू शकतं, आणि तिच्यासमोर अगदी पुढची रांग न थांबता सरकत राहायची असा नियम असू शकतो. अशा वेळी एकदा रांगेतून जाऊन या, मग मागे उभं राहून दुर्बिणीने निवांत बघा. आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडताना गेलात तर सगळ्यात सुखाचं, आणि आत गेल्यावर प्रसिद्ध तलवारीकडे आधी, बाकी नंतर. हळू बोला. वाकून बघताना मागे कोणी उभं आहे का ते मध्ये मध्ये बघा, तुमचं झालं की बाजूला व्हा, परत यायला कोणी अडवत नाही.

फोटोचं प्रत्येक ठिकाणी वेगळं. टोकियो नॅशनलमध्ये म्युझियमच्या स्वतःच्या वस्तूंचे फोटो फ्लॅशशिवाय सहसा काढता येतात, पण दुसऱ्याकडून आणलेल्या वस्तूंवर कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण असते, ती प्रत्येक काचेवर वेगळी बघावी लागते. फोनवर काढायचा तर पात्यावर बोट ठेवून फोकस करा आणि ब्राइटनेस खूप खाली ओढा, बाकी सगळं काळं पडलं तरी चालेल, हामोन तेव्हाच येते. पण आधी डोळ्यांनी बघून झाल्यावरच फोन काढा.

टोकियोच्या बाहेर

एक दिवस देता येत असेल तर ओकायामा जिल्ह्यात सेतोउची शहराचं बिझेन ओसाफुने तलवार म्युझियम. हेच ते ओसाफुने जिथे शतकानुशतकं लोहार होते, डोंगरातली लोखंडी वाळू, योशिई नदी आणि मोठा हमरस्ता सगळं जवळ म्हणून. इथली यामातोरिगे नावाची राष्ट्रीय खजिना ठरलेली तलवार, उएसुगी घराण्याकडे असलेली, शहराने लोकांकडून देणग्या गोळा करून २०२० मध्ये ५० कोटी येनला विकत घेतली, छोट्याशा शहराने केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. ती वर्षातून थोडेच दिवस मांडतात. म्युझियमच्या आवारातच लोहार, पॉलिशवाले, म्यान बनवणारे काम करतात, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सहसा तापलेलं पोलाद ठोकताना बघायला मिळतं, ठिणग्या उडतात तेव्हा पुढे बसलेली मुलं किंचाळतात. ओसाफुने स्टेशन जेआर आको लाइनवर, तिथून टॅक्सी करा.

नागोयाला तोकुगावा आर्ट म्युझियममध्ये ओवारी तोकुगावा घराण्याच्या तलवारी आहेत. त्यातली नामाझुओ तोशिरो ओसाकाचा किल्ला १६१५ मध्ये पडला तेव्हा आगीत सापडली, आगीने धारेचं पाणी उतरलं, मग नव्याने पाणी देऊन ती वाचवली. अशी पुन्हा पाणी दिलेली तलवार आणि मूळ पाण्याची तलवार एकाच भेटीत बघायला मिळाली तर फरक शोधून बघा. नागोयातच आत्सुता देवस्थानाच्या आवारात २०२१ मध्ये तलवारींसाठी वेगळी इमारत उघडली आहे, तिथे दोन मीटरहून लांब पात्याची अजस्र तलवार आहे. नागोयाहून पुढे गिफू जिल्ह्यात सेकी, चाकू-सुऱ्यांसाठी आजही प्रसिद्ध, तिथल्या लोहार परंपरेच्या म्युझियममध्ये मिनोच्या तलवारी बघा. सेकीच्या कानेमोतोची हामोन तीन देवदारांचे शेंडे परत परत उभे केल्यासारखी दिसते, एक उंच दोन बुटके, नवख्या माणसाला पहिल्यांदा खात्रीने ओळखता येते ती हीच. तिथे दरवर्षी चाकू-सुऱ्यांची जत्रा असते.

खरी तलवार हातात घ्यायची संधी कधी मिळाली, काही संस्था आणि दुकानं तशी बैठक ठेवतात, तर अंगठी-घड्याळ काढून ठेवा, आधी नमस्कारासारखं झुका, पात्याला बोट लावू नका आणि पात्यावर तोंड नेऊन बोलू नका, श्वासाच्या ओलाव्याने आणि थुंकीच्या थेंबाने गंज धरतो. मूठ घट्ट एका हातात, दुसऱ्या हातात मऊ कापड, त्यावर पाठ टेकवायची, धार वर. शेजाऱ्याच्या हातात देऊ नका, परत जागेवर ठेवा, मग तो उचलेल.

म्युझियमच्या दुकानात कॅटलॉग घ्या, जड असतो पण प्रत्येक तलवारीच्या हामोनचं रेखाचित्र त्यात असतं अशी प्रत बघून घ्या, ते घेऊन परत हॉलमध्ये जाऊन एकेक पातं ताडून बघता येतं, तिकिटावर पुन्हा आत सोडतात का ते मात्र बाहेर पडायच्या आधी दारावर विचारा. तलवारीच्या आकाराचे कागद कापायचे सुरे मिळतात, छान असतात, ते परतीला केबिन बॅगेत घालू नका, चेक-इनमध्येच टाका.